मराठी ख्रिस्ती भजनांतील सांत्वन

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळ सियागंज ही घाऊक किराण्याची जुनी बाजारपेठ आहे. मिरची, हळद, धणे, सुका मेवा यांची पोती आणि ती वाहणाऱ्या हातगाड्या यांनी तेथील रस्ते एरवी इतके गजबजलेले असतात की, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. २०२१ च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हीच पेठ निःशब्द झाली होती. दुकानांच्या फळ्या उतरलेल्या, रस्ते ओस, आणि दूरवरून येणारा रुग्णवाहिकेचा आवाज तेवढा अधूनमधून कानी पडे.

त्या दिवसांतील एका संध्याकाळी पेठेमागच्या गल्लीतील एका घरातून पेटीचे सूर ऐकू आले. ते घर एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे. घरातील कर्ता पुरुष दोनच दिवसांपूर्वी इस्पितळात वारला होता. दफनाला चार माणसांपलीकडे कोणास जाता आले नाही. भेटीस येणे-जाणे बंद, सांत्वनाला कोणी दाराशी येण्याची सोय नाही. अशा स्थितीत घरातील तीन माणसे भजन म्हणत होती, आणि पेटीवर ठेवलेल्या फोनमधून नगरकडील त्यांचे आप्त मागून साथ करीत होते. शब्द आमच्यापर्यंत पुरते पोहोचत नव्हते. परंतु चाल मात्र चटकन ओळखू आली. ती अभंगाची चाल होती. तिच्यावर आम्ही लहानपणापासून तुकोबांचे अभंग ऐकत आलो आहो.

पुढे काही महिन्यांनी त्या घरातील आजींशी बोलण्याचा योग आला. त्या दिवशी भजन कसे सुचले, असे आम्ही भीतभीतच विचारले. आजी म्हणाल्या, "अहो, रडायलासुद्धा शब्द लागतात. आपल्याला तेव्हा कुठले सुचायला? ते आधीच कुणी लिहून ठेवलेले असले म्हणजे बरे पडते." प्रस्तुत लेखात जे सांगावयाचे आहे, त्याचे सार आजींच्या या तीन वाक्यांत आलेले आहे. दुःखाच्या प्रसंगी ख्रिस्ती भजनांत माणसाला आधार कसा सापडतो, आणि विशेषतः मराठी माणसाला तो केव्हापासून व कोणत्या कारणाने सापडू लागला, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा भाषेत आणि छंदात शोधावे लागते, असे आमचे मत आहे. म्हणूनच साहित्याच्या व्यासपीठावर त्याची चर्चा करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम या गीतांचे मूळ पाहू. ख्रिस्ती उपासनेतील गाण्याचा उगम यहुदी लोकांच्या स्तोत्रसंहितेत आहे. या संहितेत १५० स्तोत्रे आहेत. स्तोत्र म्हटले की आपल्या मनासमोर देवाची स्तुती उभी राहते. परंतु या संग्रहातील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे स्तुतीची नसून विलापाची आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभी हाक, मग गाऱ्हाणे, आणि तेही पुष्कळदा देवाच्याच विरुद्ध, त्यानंतर मागणे, आणि शेवटी विश्वासाकडे वळलेले मन. या क्रमात गाऱ्हाण्याला दिलेली जागा महत्त्वाची आहे. दुःखी माणसाने आधी शांत व्हावे आणि मग देवासमोर उभे राहावे, अशी अट येथे नाही. तो जसा असेल तसा, चिडलेला, थकलेला, संशयाने ग्रासलेला, त्याला बोलण्याची मुभा आहे. २२ व्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द स्वतः येशूने वधस्तंभावर उच्चारल्याचे शुभवर्तमानात सांगितले आहे, आणि ते शब्द टाकून दिले गेल्याच्या वेदनेचे आहेत. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत वळतच नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी ही संहिता सिद्ध केली त्यांनी असे स्तोत्र गाळले नाही, यातच या परंपरेचे शहाणपण दिसून येते. सांत्वन हे दुःख नाकारून होत नाही. दुःखाला उच्चार मिळाल्यावर ते सुरू होते.

मराठी वाचकाला हे सर्व अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची प्रथम पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला; आणि पुढे त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी जे भांडण, जो रुसवा आणि जी आर्त विनवणी आली, ती याच जातीची आहे. जनाबाईंनी जाते ओढताना देवाला हाताशी घेतले. देवाशी सलगीने, प्रसंगी रागावूनही बोलावे, ही रीत आपल्या भक्तिकाव्यात खोल मुरलेली आहे. प्रश्न एवढाच होता की, या रीतीचा आणि स्तोत्रसंहितेतील विलापाचा मेळ मराठीत कोण घालणार, आणि केव्हा.

त्याची पहिली चाहूल गोमंतकात लागते. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याने मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. या ग्रंथाच्या आरंभी त्याच्या निर्मितीचे कारण सांगितले आहे: नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी वाचावयास, ऐकावयास त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. त्यांनी ही उणीव बोलून दाखविली. धर्म बदलला तरी संध्याकाळी कोणी काही म्हणावे आणि सर्वांनी बसून ऐकावे, ही गरज बदललेली नव्हती. स्टीफन्सने तिची दखल घेतली व गद्य प्रवचनाऐवजी ओवी दिली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने गोव्यात देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेवर आघात झाला. तरीही पुराण टिकले, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या मिशनांनी उपासनेसाठी गीते तयार केली, परंतु त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती मूळच्या विलायती चालींवरच म्हणावी लागत. येथे एक अडचण होती, आणि ती शिक्षकांना तत्काळ समजेल. इंग्रजी पद्य आघातावर चालते. कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर त्याची चाल बांधलेली असते. मराठीत शब्दावर असा बलवान आघात नाही. आपले पद्य अक्षरसंख्या अथवा ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रा यांवर उभे असते. परिणाम असा होई की, विलायती चालीचा जोर मराठी शब्दातील एखाद्या दुबळ्या अक्षरावर पडे, ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर चेपले जाई. शब्द मराठी खरे, पण मराठी तोंडाला ते आपले वाटत नसत. सुखाच्या दिवशी माणूस असे गाणे कष्टाने म्हणू शकतो. ज्या दिवशी घशात हुंदका आहे, त्या दिवशी मात्र जे आपोआप येते तेच म्हणता येते.

ही अडचण दूर करणारा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे पुढील बरेचसे आयुष्य नगर येथे गेले. हे नगर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. ज्या अहिल्याबाईंच्या नावाने ते आज ओळखले जाते, त्यांचा जन्म त्याच जिल्ह्यातील चौंडीचा आणि कर्तृत्व आमच्या माळव्यातले. तेव्हा सियागंजमागील घरातून नगरला जोडलेला तो फोन एका जुन्याच वाटेने गेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

टिळकांना सर्वसाधारण वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. शाळेत आपण त्यांच्या त्याच कविता शिकवितो. बालकवींना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, हेही सांगितले जाते. परंतु त्यांच्या लेखणीतून उतरलेली भजने आणि अभंग हा त्यांच्या काव्याचा मोठा भाग असूनही तो आपण 'त्या समाजाचा' म्हणून बाजूस ठेवतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पुष्कळ गीते आहेत आणि आजही ती म्हटली जातात. मराठीतील थोड्याच कवींच्या रचना शंभर वर्षांनंतर माणसांना अशा तोंडपाठ असतील.

टिळकांनी नेमके काय केले? त्यांनी येशूला संबोधण्याची भाषा भक्तिसंप्रदायातून घेतली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. आणि भजनात तो पूल प्रत्यक्ष दिसतो. देव म्हणजे दूर सिंहासनावर बसलेला राजा न राहता माउली, सखा, गुरू झाला. छंदही त्यांनी तोच घेतला. अभंगाची घडण पाहिली म्हणजे दुःखी माणसाला ती का मानवते हे कळते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे दोन चरण. म्हणजे एका श्वासात मावेल एवढीच ओळ. मोठ्या अभंगाचा चौथा चरण आखूड असल्यामुळे तेथे गाणाऱ्याला थांबावयास आणि श्वास घ्यावयास जागा मिळते. ज्याचा गळा भरून आला आहे त्याला ती जागा फार मोलाची असते. शिवाय ध्रुपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे असते. एकाचा आवाज फुटला तर दुसरे ओळ पुढे नेतात, आणि तो पुढच्या ओळीला पुन्हा सामील होतो. वाचता न येणाऱ्यालाही ध्रुपद दोनदा ऐकले की येते. दुःखात माणसाला एकटे न पडू देण्याची व्यवस्था अशी छंदातच केलेली आहे.

ही भजने सुखवस्तू मनाने लिहिलेली नव्हती. धर्मांतरानंतर टिळकांचे आप्त त्यांना दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी कित्येक वर्षांची ताटातूट झाली. त्या दांपत्याने आपली लहान अपत्ये डोळ्यांसमोर गेलेली पाहिली. प्लेगचा आणि १८९९–१९०० च्या दुष्काळाचा तो काळ. नगर भागात आणि आमच्या माळव्यातही तेव्हा मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली; त्याच वर्षी मे महिन्यात बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईंनी प्रौढपणी अक्षरांशी खरी ओळख करून घेतली, त्यांनी पतिवियोगानंतर महाकाव्याचे अध्याय रचावे, ही सांत्वनाच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. दुःखात त्यांना जो आधार मिळाला, तो नुसते ऐकून मिळालेला नव्हता; पुढची ओळ स्वतः जुळविण्यात तो होता. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात शोकाच्या प्रसंगांजवळच विनोद नांदतो, याचेही मूळ आम्हांस तेथेच दिसते.

आपल्या परिचयाच्या सुरात पवित्र शब्द आले म्हणजे आधार मिळतो, हा अनुभव केवळ मराठी नाही. अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या भक्तिगीतांत तो आहेच. परंतु अधिक जवळचे उदाहरण टॉमस डॉर्सी याचे आहे. हा धर्मोपदेशकाचा मुलगा 'ब्लूज' या लौकिक, दुःखभरल्या गाण्यांचा वादक होता. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो परगावी असता शिकागोत त्याची पत्नी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या शोकात त्याने जे गीत रचले, त्यात देवाने आपला हात धरावा एवढेच मागणे आहे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी महेलिया जॅक्सन यांनी तेच गीत गाइले. डॉर्सीने उपासनेत ब्लूजचा ठेका आणला, तेव्हा आरंभी पुष्कळ मंडळ्यांना तो रुचला नाही. देवळाबाहेरचा सूर देवळात यावा की नाही, हा वाद त्यालाही चुकला नाही. परंतु लोकांच्या दुःखाला त्या ठेक्याची ओळख होती, आणि अखेर ओळखच जिंकली. रोमन कॅथलिक पंथातही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि वसईसारख्या मराठी प्रदेशातील चर्चमधून मराठी गीते घुमू लागली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

गाण्याने होणाऱ्या समाधानाला शरीराचीही साथ आहे. २००१ मध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. लॅटिन भाषेतील मारियास्तवन आणि योगमार्गातील मंत्र या दोहोंचे पठण करताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे त्यात आढळले. एका ओळीला एक श्वास, हा अभंगाचा हिशेब त्याहून फार निराळा नाही. समुदायाने गाताना सर्वांचा श्वास एकाच वेळी आत-बाहेर होतो. शोकाने सैरभैर झालेल्या माणसाला दुसऱ्यांच्या श्वासाची लय उसनी मिळते. मात्र एवढ्यावरून भजन म्हणजे औषध, असे कोणी समजू नये. इस्पितळात खाट हवी तेथे खाटच हवी, आणि उपाशी माणसाला आधी भाकर हवी. १९०० च्या दुष्काळात ज्यांनी मुलांना भजने शिकविली, त्यांनी आधी त्यांना जेवू घातले होते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. सर्वच भक्तिगीते सांत्वन करीत नाहीत. काही गीते शोकग्रस्ताला आनंदी होण्याची आज्ञा करतात; काही त्याला उपदेश करतात; काही त्याच्या आपत्तीचे कारण सांगू पाहतात. अशी गीते प्रसंगी जखमेवर मीठ चोळतात. ज्याचे मूल गेले त्याला 'हे बऱ्याकरिताच झाले' असे गाण्यातून सांगणे हे निर्दयपणाचे होय. खऱ्या सांत्वनगीताची खूण आमच्या मते अशी: ते शोक करणाऱ्याशी बोलत नाही, शोक करणाऱ्याच्या तोंडून बोलते. त्यातील 'मी' हा गाणाराच असतो. टिळकांच्या चांगल्या भजनांतील 'मी' असा आहे, स्तोत्रसंहितेतील 'मी' असा आहे, आणि तुकोबांचा 'मी'ही असाच आहे. म्हणूनच त्या गीतांचा आधार घेण्यासाठी गाणाऱ्याला आधी कोणता सिद्धान्त पटावा लागत नाही. त्याला फक्त ओळ उचलावी लागते.

आता थोडे आपल्याविषयी. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली. महाराष्ट्राबाहेर मराठी जपल्याचा या शहराला रास्त अभिमान आहे. परंतु मराठी जपणे म्हणजे काय? ती कोठे म्हटली जाते, कोणत्या घटकेला माणसाच्या तोंडी येते, हे पाहिल्यावाचून ते पुरे होत नाही. भाषेची खरी मुळे दुःखाच्या वेळी दिसतात. ज्या घरातील मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, बाजारात हिंदी बोलतात, त्या घरात मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी मराठी अभंग म्हटला जातो, ही घटना कोणत्याही ठरावाहून अधिक मोलाची आहे.

शिक्षकबंधूंस आणि भगिनींस आमची विनंती मर्यादित आहे. टिळकांच्या फुलांवरील कविता शिकविताना त्यांचा एखादा ख्रिस्ती अभंगही वर्गात वाचावा, त्याच्या शेजारी तुकोबांचा एखादा अभंग ठेवावा, आणि दोहोंतील अक्षरे मुलांकडून मोजून घ्यावी. धर्मभेदाचे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही. सहा-सहा-सहा-चार हा हिशेब पाहताच मुलांना नाते कळेल. ज्यांच्या परिचयात मराठी ख्रिस्ती कुटुंबे असतील त्यांनी वडीलधाऱ्या मंडळींना तोंडपाठ असलेली भजने, त्यांच्या चालींसह, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवावी. शब्द पुस्तकांत राहतील. चाली मात्र माणसांबरोबर जातात.

सियागंज आज पुन्हा पूर्ववत गजबजले आहे. हातगाडीवाल्यांच्या आरोळ्यांत त्या गल्लीतील पेटीचे सूर ऐकू येणे शक्य नाही. पण आजी सांगतात की दर वर्षी त्या दिवशी तेच भजन होते, आणि आता धाकट्या नातवाला त्याचे ध्रुपद येते. त्याच्या वाट्याला दुःख येईल तेव्हा येवो. शब्द त्याच्याजवळ आधीच असतील.